झोपेत छातीवर बसणारं ओझं : ती दोन मिनिटं तुम्ही कशी काढता?

अबोली_फोंडा (६ जुलै, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. इथे वाचते रोज, लिहितेय पहिल्यांदाच. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी वेर्ण्याला औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. दर आठवड्याला पाळी बदलते. मिस्टर बोटीवर असतात, घरात मी आणि बारा वर्षांची लेक. दोघी एकाच खोलीत झोपतो.

गेले चार-पाच महिने असं होतंय. पहाटे जाग येते. डोळे उघडे असतात. पंखा फिरताना दिसतो, खिडकीच्या गजांची सावली दिसते, शेजारी लेकीची वेणी दिसते. हात उचलायला जावं तर हात माझा नसतोच. छातीवर कोणी तांदळाची गोणी ठेवलीय असं वाटतं. मग सोप्यावरून काठीचा आवाज येतो. टक्. टक्. ती माझ्या सासूबाईंची काठी. त्यांना जाऊन मार्चमध्ये वर्ष झालं. शेवटची दीड वर्षं त्या अंथरुणाला होत्या, सगळं मीच केलं. काठी खोलीत येते आणि माझ्या पायथ्याशी थांबते. मला ओरडायचं असतं, पण तोंडातून नुसतं हूं हूं निघतं. बाहेर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की एकदम सुटते. घामाने गाऊन भिजलेला असतो.

एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बीपी बघितलं आणि टेन्शन घेऊ नका म्हणाले.

प्रश्न दोन आहेत. ज्यांना हे होतं ते ती दोन मिनिटं काय करतात? आणि लेकीने परवा विचारलं, आई, तू रात्री कण्हतेस का गं? तिला काय सांगू?

---

विनू_डिचोली (६ जुलै, रात्री ११:५२)

अबोलीताई, सेम. शब्दन् शब्द सेम, फक्त काठीच्या जागी माझ्या छातीवर एक काळं मांजर असतं. मी कॅसिनोत रात्रपाळी करतो, सकाळी सातला येऊन झोपतो. बायकोलाही सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा लिहितोय.

---

मांडवीकाठ (७ जुलै, सकाळी ७:०५)

मी डॉक्टर आहे, मानसोपचाराचं शिक्षण चालू आहे. इथे कोणाला तपासता येणार नाही, पण हे काय असतं ते सांगतो, कारण कळलं की निम्मी भीती जाते.

स्वप्नं सगळ्यात ठळक पडतात ती आरईएम झोपेत. बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात ती ही झोप. १९५३ साली शिकागोत अॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ती नोंदवली. या वेळी मेंदू अंगातले जवळजवळ सगळे स्नायू ढिले करून ठेवतो. स्वप्नात आपण धावतो, पण पलंगावरून उठून धावत नाही, ते या सोयीमुळे. कधीकधी जाग आधी येते आणि हे कुलूप मागाहून उघडतं. मधल्या वेळात तुम्ही जागे असता, शरीर झोपलेलं असतं आणि स्वप्नाचा तुकडा उघड्या डोळ्यांसमोर चालूच राहतो. याला स्लीप पॅरॅलिसिस म्हणतात. नावात पॅरॅलिसिस असलं तरी लकव्याशी याचा काही संबंध नाही.

छातीवर ओझं का वाटतं? श्वासाचा मुख्य पडदा चालूच असतो, पण छातीचे इतर स्नायू ढिले असतात. आपण घाबरून खोल श्वास ओढायला जातो आणि तो हवा तसा ओढता येत नाही. श्वास बंद पडलेला नसतो, हे पक्कं लक्षात ठेवा.

पाळी बदलणं, अपुरी झोप, ताण आणि उताणं झोपणं, या चारांनी हे वाढतं. ताई, तुमच्याकडे चारातले किती आहेत?

---

अबोली_फोंडा (७ जुलै, दुपारी ३:१०)

डॉक्टर, चारही.

---

केप्याची_मावशी (७ जुलै, संध्याकाळी ६:३०)

बाय अबोली, माझं वय एकाहत्तर, रागावू नकोस. वर्ष झालं म्हणतेस, वर्षश्राद्ध नीट झालं का? काही राहून गेलं असेल. ग्रामदेवाला कौल लावून बघ. आमच्या वेळी असं झालं की संध्याकाळी मीठ-मिरच्यांनी दिष्ट काढायचे, राखणदाराला गाऱ्हाणं घालायचे. माणूस निर्धास्त झोपायचा.

---

सत्तरीचा_वाटसरू (७ जुलै, रात्री ९:१५)

मावशी, वयाचा मान ठेवून स्पष्ट बोलतो. माझ्या थोरल्या भावाचे आठ महिने याच्यात गेले. रात्री गुदमरून उठून बसायचा, गळा धरायचा, म्हणायचा कोणीतरी नरडं आवळतं. आम्ही भूतबाधा उतरवणाऱ्या या घाड्याकडून त्या घाड्याकडे फिरलो. कोंबडे झाले, नारळ झाले. एक दिवस टिप्पर चालवताना त्याचा डोळा लागला आणि गाडी गटारात. जीव वाचला म्हणून आज लिहितोय.

मग कोणीतरी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलचा रस्ता दाखवला. रात्रभर वायरी लावून झोपेची तपासणी केली. घोरता घोरता घसा मिटायचा आणि श्वास थांबायचा, तासाला चाळीसच्या वर वेळा. नरडं आवळणारं कोणी नव्हतं, त्याचाच घसा होता. स्लीप अॅप्निया. आता नाकाला मास्क लावून झोपतो, मशीन हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. आमच्याकडे पावसात वीज गेली की पहाटेपर्यंत येत नाही, म्हणून आधी इन्व्हर्टर घेतला, फ्रिज नंतर. पहिल्या आठवड्यात वहिनी रडली. म्हणाली, इतक्या वर्षांनी घरात एवढं शांत वाटतंय, मध्ये मध्ये उठून बघते श्वास चालू आहे ना.

तेव्हा ताई, तुम्ही घोरता का हे लेकीला विचारा. सकाळी तोंड कोरडं, डोकं जड, दिवसा पेंग, असं असेल तर थांबू नका.

---

केप्याची_मावशी (७ जुलै, रात्री १०:०२)

वाचलं रे बाबा. भावाला माझा आशीर्वाद सांग. डॉक्टरकडे जाऊ नको असं मी कुठे म्हटलं? पण जिने दीड वर्ष सासूचं हगणंमुतणं काढलं, तिच्या मनात काही अडकलं असेल की नाही? त्याला गोळी कुठली? देवासमोर बसून रडली तर हलकी होईल, एवढंच.

---

मांडवीकाठ (७ जुलै, रात्री १०:४०)

मावशी, हे शेवटचं वाक्य आमच्या वर्गात सांगण्यासारखं आहे.

---

निवृत्त_बाई_पेडणे (८ जुलै, सकाळी १०:२०)

आमच्या घरी याच्या उलट आहे. अबोलीचं शरीर कुलूपबंद राहतं, आमच्या ह्यांचं कुलूप लागतच नाही.

हे स्वभावाने इतके मऊ की घरात आवाज चढलेला मुलांनी कधी ऐकला नाही. साठी उलटल्यावर झोपेत लाथा, बुक्के, आरडाओरडा सुरू झाला. एकदा माझ्या खांद्यावर असा बुक्का बसला की पंधरा दिवस हात वर जाईना. उठवलं तर म्हणाले, कुत्रा मागे लागला होता, मी त्याला हाकलत होतो. खांदा बघून लहान मुलासारखे रडले. मी शेजारी सांगितलं न्हाणीत घसरले. हे लपवणंच जास्त दुखायचं.

मुलाने जबरदस्तीने न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. या आजाराचं नाव आरईएम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर, १९८६ साली अमेरिकेत पहिल्यांदा नीट वर्णन झालं म्हणे. डॉक्टरांनी एक गोष्ट खुर्ची जवळ ओढून सांगितली : उतारवयात हे दिसलं तर पुढे काही वर्षांनी पार्किन्सनसारखा आजार होण्याचा संभव बराच असतो, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवत राहा. ऐकून पाय गळाले. पण माहीत असणं बरं. आता ह्यांच्या चालीकडे, अक्षराकडे लक्ष ठेवते.

गोळ्या डॉक्टरांनी ठरवल्या त्या चालू आहेत. घरात पलंग काढून गाद्या जमिनीवर घातल्या, आरशाचं कपाट दुसऱ्या खोलीत, उशाशी तांब्या-भांडं नाही. मी त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर वेगळ्या गादीवर. चाळीस वर्षांच्या संसारात वेगळी गादी घालताना वाईट वाटलं, ते कोणाला सांगणार? इथे सांगितलं.

---

विनू_डिचोली (८ जुलै, दुपारी १:०५)

बाई, वाचून गलबललो. काल बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं, तू हूं हूं करतोस तेव्हा मी हात लावते आणि तू शांत होतोस. तीन वर्षं ती हे करतेय आणि मला पत्ता नाही.

एक प्रश्न. मी झोप यावी म्हणून ड्युटीवरून आल्यावर थोडं घेतो. उन्हाळ्यात हुर्राक, एरवी फेणी. त्याने काही होतं का?

---

मांडवीकाठ (८ जुलै, रात्री ८:३०)

होतं. दारूने डोळा लवकर लागतो, पण पहिल्या काही तासांत आरईएम झोप दबते आणि दारू उतरली की ती उसळून येते. स्वप्नं भडक पडतात, झोप तुकड्यातुकड्यांची होते. घोरण्याचा त्रास असेल तर तोही वाढतो. दोन आठवडे बंद करून बघा आणि इथे लिहा. रोज आणि बरीच घेत असाल तर मात्र डॉक्टरांना विचारून कमी करा, एकदम तोडू नका.

---

साखळीची_सून (९ जुलै, सकाळी ११:४५)

विषय थोडा वेगळा, पण रात्रीचाच. मला भीती नाही, पाय आहेत. अंग टेकलं की पिंडऱ्यांच्या आत काहीतरी सरपटतं. दुखत नाही, खाजत नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चाललं की बरं, टेकलं की परत. सोप्यापासून न्हाणीपर्यंत रात्रभर फेऱ्या. सासूबाईंना वाटलं सून माहेरी जायचं निमित्त शोधतेय.

शेवटी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ठीक होतं, पण फेरिटिन ११. फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा. या आजाराला रेस्टलेस लेग्स सिंड्रोम म्हणतात, आणि यात ते ७५ च्या वर असावं असं डॉक्टर म्हणाले. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणाबरोबरचा चहा बंद केला, चहाने लोह अंगी लागत नाही. तीन महिन्यांनी पाय थांबले. ज्यांचे पाय रात्री राहत नाहीत त्यांनी हिमोग्लोबिनवर थांबू नका, फेरिटिन बघा.

---

कुंडईचा_बाबा (९ जुलै, रात्री १०:१५)

माझा मुलगा पाच वर्षांचा. नऊला झोपतो, साडेदहाच्या सुमारास किंचाळत उठून बसतो. डोळे सताड उघडे, आम्हाला ओळखत नाही, जवळ घेतलं तर ढकलतो. दहा मिनिटांनी आपोआप आडवा. सकाळी काही आठवत नाही. हेही तेच का?

---

मांडवीकाठ (९ जुलै, रात्री ११:००)

नाही, हे नाइट टेरर. वाईट स्वप्न उत्तररात्री पडतं आणि आठवतं. हे रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत होतं आणि मुलाला आठवत नाही, त्रास होतो तो बघणाऱ्या आईबापाला. हलवून जागं करू नका. पडणार नाही, आपटणार नाही एवढं बघा, हळू आवाजात बोलत राहा. झोप कमी झाली किंवा ताप असला की जास्त होतं, म्हणून अर्धा तास लवकर झोपवा. रोज ठरावीक वेळी होत असेल तर त्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी हलकेच चाळवून पुन्हा झोपवा, काही आठवडे. बहुतेक मुलांचं वयाबरोबर जातं. हातपाय एकसारखे झटकत असतील किंवा रात्रीतून अनेकदा होत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

---

तारवटी_सावर्डे (११ जुलै, पहाटे ४:०५)

अबोली वहिनी, मी पण बोटीवरचा. आता कायमचा घरी.

इंजिन रूममध्ये आग लागली होती. आम्ही सगळे वाचलो. एक पोरगा भाजला, त्याला स्ट्रेचरवरून वर नेताना त्याचा हात माझ्या हातात होता. घरी आल्यावर रोज रात्री तीच शिडी. मी चढतोय, वरचं झाकण उघडत नाही. ओरडत उठायचो. मग झोपायचीच भीती. बारा वाजले की टीव्ही, दोन वाजले की अंगणात. वेळेचं बघताय ना, सवय अजून पूर्ण गेलेली नाही.

बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, गेलो. दारातून दोनदा परत फिरलो होतो, कोणी गाववाला बघेल म्हणून. तिसऱ्यांदा बायको हात धरून आत घेऊन गेली. तिथल्या मॅडमनी एक काम दिलं. दिवसा, उजेडात, ते स्वप्न वहीत लिहायचं आणि शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा. मग तो नवा शेवट रोज पंधरा मिनिटं डोळे मिटून बघायचा. मी लिहिलं : झाकण उघडतं, वर पाऊस पडतोय आणि तो पोरगा डेकवर उभा आहे, हाताला पट्टी आहे. तीन आठवडे काही नाही. मग एका रात्री झाकण उघडलं. पाऊस नव्हता, पण उघडलं.

आता महिन्यातून एक-दोनदा पडतं. रोजचं गेलं. ज्यांना तिथे जायला धीर होत नाही त्यांनी निदान १४४१६ वर फोन करा. टेलिमानस, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात.

---

निवृत्त_बाई_पेडणे (११ जुलै, सकाळी ९:३०)

तारवटी भाऊ, त्या पट्टीच्या ओळीवर थांबले. तुमच्या बायकोला माझा नमस्कार.

---

पणजीचा_पोपट (११ जुलै, रात्री ८:२०)

अवांतर आहे, पण सांगतो. झोपेच्या विषयात आपल्या गोव्याचं एक मोठं नाव आहे आणि आपण रोज त्याच्या पायांशी गाड्या लावतो. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारचा तो पुतळा, झोपलेल्या बाईवर हात पसरून उभा असलेला पाद्री. अनेकांना वाटतं भूत उतरवतोय. ते आबे फारिया. जन्म १७५६, कांदोळी. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी लोकांना संमोहनाच्या झोपेत नेऊन दाखवलं. त्या काळी सगळे म्हणायचे की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही अदृश्य प्रवाह निघतो. फारियांनी सांगितलं, माझ्यात काही शक्ती नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात घडतं. १८१९ साली ते वारले.

त्यांची एक गोष्ट गोव्यात पोराटोरांना माहीत असते. पोर्तुगालात राणीसमोर प्रवचनाला उभे राहिले आणि वाचाच बसली. तोंड उघडेना, अंग हलेना. खालून वडील हळूच कोंकणीत म्हणाले, ही सगळी भाजी, कातर रे भाजी! समोर बसलेत ते भाजीपाला आहेत, काप त्यांना. आणि ते सुटले.

अबोलीताई, तुमचं वाचल्यापासून ही गोष्ट डोक्यातून जात नाही. तुमचंही तेच, वाचा बसलेली. खालून सांगणारं कोणीतरी पाहिजे.

---

केप्याची_मावशी (११ जुलै, रात्री ९:००)

भाजी कातरायची असेल तर रविवारी माझ्याकडे या सगळे. परसात दोडकी आणि भेंडे इतके लागलेत की गाय पण कंटाळली.

---

मडगावची_शर्वरी (१२ जुलै, दुपारी ४:४०)

सगळ्यांनी छान लिहिलंय, पण ताईंचा दुसरा प्रश्न मागे पडला. मी ती लेक होते, म्हणून लिहिते.

माझी आई रात्री अशीच कण्हायची. मी दहा वर्षांची. ती सकाळी म्हणायची, काही नाही गं, स्वप्न होतं. मला ते पटायचं नाही, कारण तिचे डोळे उघडे असायचे. मी रात्र रात्र जागी राहून तिचा श्वास मोजायचे. मला वाटायचं आई मरतेय आणि मला सांगत नाहीये. शाळेत डुलक्या घ्यायचे, बाई मारायच्या. हे मी आईला अठ्ठाविसाव्या वर्षी सांगितलं, तेव्हा दोघी खूप रडलो.

ताई, लेकीला ऐकू येतंय. तिने विचारलंय म्हणजे ती केव्हापासून जागी आहे ते बघा. तिला खरं सांगा, डॉक्टरांनी वर लिहिलंय तेवढं, सोप्या शब्दांत. पण रात्रभर पहारा करायचं काम तिच्यावर टाकू नका. जाग आलीच तर आईला हात लावायचा आणि परत झोपायचं, एवढंच.

---

अबोली_फोंडा (१९ ऑगस्ट, रात्री १०:३०)

महिनाभर लिहिलं नाही, रोज वाचत होते.

शर्वरीचं वाचून त्याच रात्री लेकीला जवळ घेतलं. ती किती दिवसांपासून जागी होती ते विचारलं. होळीपासून. मला वाटलं होतं तिला काही कळत नाही. तिला सगळं सांगितलं, कुलूप, स्वप्नाचा तुकडा, सगळं. ती म्हणाली, म्हणजे तू मरत नाहीस ना? मी नाही म्हटलं आणि ती दहा मिनिटांत झोपली.

घोरण्याचं विचारलं, घोरत नाही म्हणाली. तरी बांबोळीला दाखवून आले, यावेळी नीट ऐकून घेतलं. कंपनीत चिठ्ठी दिली, दर आठवड्याची पाळी आता तीन आठवड्यांनी बदलते. कुशीवर झोपते, उताणी होऊ नये म्हणून पाठीला जुनी गोधडी गुंडाळून लावते. ती सासूबाईंनी शिवलेली, त्यांच्याच लुगड्यांची. मावशी, तुमचंही केलं. मंगेशीला जाऊन बसले. गाऱ्हाणं काही घातलं नाही. शेवटच्या महिन्यात एकदा मी त्यांच्यावर ओरडले होते, रात्री तिसऱ्यांदा हाक मारली म्हणून. ते तिथे सांगितलं. कोणालाच सांगितलं नव्हतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे थोडं आहे. उठायची झटापट करत नाही, त्याने ओझं वाढतं. श्वास आपला आपण चालू आहे हे मनात म्हणते, डोळे डावी-उजवीकडे फिरवते, कारण डोळे हलतात. मग पायाचा अंगठा, फक्त अंगठा.

महिन्यात तीनदा झालं, आधी आठवड्याला तीनदा व्हायचं. गेल्या गुरुवारचं सांगते. काठी आली, टक् टक्, पायथ्याशी थांबली. मी हूं हूं केलं असणार. लेकीचा हात खांद्यावर आला, अर्धवट झोपेतच बोलली, आई, कातर गे भाजी. आणि कूस बदलून परत झोपली.

मी पोदेर यायच्या आधी सुटले. सोप्यावर जाऊन बघितलं, काठी कोपऱ्यात आहे तिथेच होती. ती तिथून काढायची नाही असं ठरवलंय.

---

विनू_डिचोली (१९ ऑगस्ट, रात्री ११:१०)

ताई, सहा आठवडे झाले, घेतलेली नाही. मांजर एकदाच आलं.